काठावरची टक्क

माझ्या सासूबाईंना मुसळ कसं मारावं हे शिकवायला मी लग्नानंतर महिन्याच्या आतच निघाले होते. मुसळ हातात न धरता, नुसत्या टाळ्या वाजवून. त्या दिवशी आमच्या मागच्या दारी तीन बायका आंधळ्या झाल्या. त्यातली एक मी.

हसायचं तर हसा. मी आता हसतेच. तेव्हा मात्र मला हसू यायचं नाही, कारण तेव्हा मी फार हुशार होते. कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलगी, वडील रेल्वेत कारकून, घरात प्रत्येक शब्द शेवटपर्यंत उच्चारायची शिस्त. ‘आहे’ म्हणताना त्यातलं एकही अक्षर वाऱ्यावर सोडायचं नाही. पुढं शिक्षिका व्हायचं शिक्षण घेतलं. त्यात संगीताचा तास असायचा आणि तिथं हातावर ताल मोजायला शिकवायचे. समेला टाळी, मग बोटं, खालीला हात उलटा. मला त्याचं असं वेड लागलं की एसटीची वाट बघतानाही मी मांडीवर बोटं मोजायची. जगातलं सगळं काही एकला सुरू होतं आणि चारला संपतं, आणि जे तसं होत नाही ते चुकलेलं असतं, ही माझी पक्की समजूत. अशा अवस्थेत मी सोलापुरात नांदायला आले.

सासूबाई शेंगाचटणी करून विकायच्या. मागच्या दारी जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ आणि बघूनच घाम फुटावा इतकं लाल तिखट त्यात घालायचं आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. उखळ एक, मुसळं दोन. एक सासूबाईंचं, दुसरं शेजारच्या अक्कांचं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. सासूबाईंपेक्षा बऱ्याच लहान, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. धप् धप्, धप् धप्. आणि मधेच एक टक्क.

ही टक्क सासूबाईंची. मुसळाला चिकटलेला गोळा झटकायला त्या मुसळ उखळाच्या काठावर ठोकायच्या. तेवढा त्यांचा एक घाव उखळात पडायचा नाही. त्या रिकाम्या जागेत तिसरीनं हात घालायचा, कडेचा कूट मधे लोटायचा आणि अक्कांचं मुसळ यायच्या आत हात बाहेर काढायचा. तिसरी म्हणजे मी.

आता ही टक्क कधी व्हावी याला काही नेम? कधी दोन फेऱ्यांत, कधी पाचात. ऐकू आल्यावर हात घालावा तर उशीर झालेला, आधीच घालावा तर बोटं मुसळाखाली. मी हात पुढं न्यायची आणि मागं घ्यायची, पुढं न्यायची आणि मागं घ्यायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई उखळाला ओवाळतेय.

“घाल की हात!” सासूबाई ओरडायच्या. “चावतंय व्हय उखळ?”

एक दिवस मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “आत्याबाई, असं नको. हे फार बेशिस्त चाललंय. मी मोजते. तुम्ही एकला मारा. दोन, तीन, चार मोकळं सोडा. तेवढ्यात मी हात घालून काढते.”

सासूबाईंनी मला गप्प बसवायला हवं होतं. पण त्यांनाही एक खोड होती. शिकलेली सून मिळाली हे त्यांना गल्लीभर मिरवायचं असायचं. त्या अक्कांकडं बघत म्हणाल्या, “ऐकलंस का? संगीत शिकलीया आमची सून.”

“आमच्यात बी गात्यात की,” अक्का म्हणाल्या. “पन मुसळाला कोन गातंय?”

“तू मार गं. ती म्हनतीया तसं मार.”

मी पदर खोचला. संगीताच्या तासाला उभी राहायची तशी ताठ उभी राहिले. दोन्ही मुसळं वर गेली. मी टाळी दिली. “एक!”

माझ्या तालात सम एकच होती आणि उखळात मुसळं दोन. हे मला टाळी वाजल्यानंतर कळलं. दोन्ही मुसळं एकदम खाली आली, तोंडाशी एकमेकांवर आदळली, अक्कांचं हातातून निसटून उखळात आडवं पडलं, आणि उखळातलं सगळं लाल तिखट वर आलं. पुढचं काही दिसलं नाही. कुणी बादली शोधत होतं, कुणी बादलीवर पडत होतं. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. अक्का डोळे चोळत रडत होत्या की हसत होत्या कळेना, आणि तेलुगूत काहीतरी म्हणत होत्या. ते मला समजलं नाही हे माझं नशीब. मग बहुतेक मला समजावं म्हणूनच त्या मराठीत म्हणाल्या, “दोन कुटं गेलं गं? एकातच खपलं की सगळं! एक-दोन-तीन-चार मास्तरीण!”

सासूबाई एवढंच म्हणाल्या, “डोळं धू. मग बस. आन् मोजू नगंस.”

भिंतीवरचा तो लाल शिडकावा पुढच्या चुन्यापर्यंत तसाच राहिला. नाव मात्र कुठल्याही चुन्यानं गेलं नाही. मी शाळेतून येताना दिसले की अक्का त्यांच्या गेटातून हाक मारायच्या, “आली का एक-दोन-तीन-चार?” भाजीवालीसुद्धा मला त्याच नावानं ओळखायला लागली.

त्या दिवसानंतर मी मोजायचं सोडलं. सोडलं म्हणजे काय, मोजायची हिंमतच राहिली नाही. मान खाली घालून उखळाशी बसायची आणि करायला दुसरं काही नाही म्हणून त्या दोघींचं बोलणं ऐकायची. त्या कुटताना अखंड बोलायच्या. मला वाटायचं, कंटाळा घालवायला बोलतात. त्यांनाही तसंच वाटत असणार.

“काल ती आलती न्हवं,” सासूबाई. धप्.

“कोन?” अक्का. धप्.

“कोपऱ्यावरची.” धप्.

“व्हय? कशाला?” धप्.

“इरजन मागाया. आन् वाटी बी घिऊन गेली की.” टक्क.

एका दुपारी असंच काहीसं चाललं होतं, आणि ‘गेली’ झालं तेव्हा माझा हात उठला. मी उठवला नव्हता. ‘की’बरोबर टक्क झाली तेव्हा तो उखळात होता. कूट मधे लोटून अक्कांच्या मुसळाआधी बाहेरही आला. उखळ चालू राहिलं. मी मात्र मिरचीनं पेटलेला तळहात मांडीवर ठेवून बघत बसले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

मग माझ्या ध्यानात यायला लागलं. वाक्य संपलं असं वाटतं, भार देऊन झालेला असतो, ऐकणारा पुढच्याची वाट बघायला लागतो, आणि मग, त्या मोकळ्या जागेत, काठावर ठोकल्यासारखा तो ‘की’ पडतो. ‘आली होती’चं ‘आलती’ व्हायचं, कारण मधल्या ‘हो’च्या जागी मुसळ यायचं असायचं. इतकी वर्षं मला हे आळशी जिभेचं काम वाटत होतं. ज्या बायका पहाटेपासून मणभर दाणे कुटतात त्यांची तेवढी जीभच काय ती आळशी असेल, असा विचार करणारीला काय म्हणावं? हुशार म्हणावं. मी फार हुशार होतेच.

आणि एवढं कळूनही शाळेत मी तशीच. उखळावरचं शहाणपण मी उखळावरच ठेवून शाळेत जायची. माझ्या पहिलीच्या वर्गात अर्ध्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, काहींत दखनी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच सोलापुरी. एक पोरगी धावत आली. “बाई, बाई, त्यो मला मारलालाय की!”

मी म्हणाले, “असं नाही बोलायचं. तो मला मारत आहे. म्हण.”

“तो... मला...” तिनं सुरुवात केली. तोवर त्यो मागून आला आणि त्यानं तिला आणखी एक दिली.

“मारत...” मी आठवण केली.

“मारत...” ती रडत म्हणाली. त्यानं तिसरी दिली. ‘आहे’पर्यंत आम्ही पोचलोच नाही.

त्या वर्गाला मी वाचायलाही असंच शिकवलं. प्रत्येक शब्दावर सारखा जोर, प्रत्येक शब्दानंतर सारखी जागा. पोरं वाचायला लागली की दुरून पाढे म्हटल्यासारखं वाटायचं. गोष्टीत वाघ आला काय आणि आजोबा आले काय, आवाज तोच. आणि सुट्टी झाली की हीच मुकी पोरं आवारात असं भांडायची, असं पटवायची, असा एकमेकांचा शब्द अर्ध्यावर झेलायची, की मी खिडकीत उभी राहून ऐकत बसायची. मी त्यांच्या बोलण्यातलं टोचतं ते सगळं घासून काढत होते. टोचतं तेच कानात शिरतं, हे उमगायला मला आणखी काही वर्षं गेली. मग एक दिवस मी ‘की’ दुरुस्त करायचं सोडलं. वर्ग एकदम वाचायला लागला असं नाही. पण वाघ आला की निदान दोन पोरं तरी ओरडायची, “आला की!”

या सगळ्यात माझं बोलणं कधी गेलं ते मला ठाऊक नाही. एकदा कुर्डुवाडीला माहेरी गेले होते. वडिलांनी विचारलं, “जेवलीस का?” मी म्हणाले, “व्हय, आत्ताच की.” त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं सिग्नल पडल्यावर भलत्याच रुळावरून गाडी यावी.

सासूबाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्कांचा उजवा खांदा आखडला, हात वर जात नाही, म्हणून त्या दिवसभर गेटाशी खुर्ची टाकून बसतात आणि काठी मांडीवर आडवी ठेवून रस्त्यावर देखरेख करतात. उखळ आहे. घरापुरती चटणी मी अजून त्यातच कुटते. पण एकटीनं कुटताना ते जमत नाही. मधली जागा दुसरीच्या मुसळामुळं तयार होते. एकटीला नुसता घाव असतो.

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीतल्या बायकांनी मिरवणुकीत लेझीम खेळायचं ठरवलं. मंडळातली पोरं म्हणाली, “बायकांचं लेझीम म्हंजे डब्यात चिल्लर हलवल्यावानी.” हे ऐकून समोरच्या नव्या इमारतीत राहणारी, शाळेत खेळ शिकवणारी एक तरुण मुलगी भडकली. तिनं सगळं हातात घेतलं. गळ्यात शिट्टी, कमरेला ओढणी बांधलेली, मैदानावर फक्कीच्या रेषा. फोनला एक स्पीकर जोडून ती त्यातून टक, टक, टक, टक असा ठोका लावायची, आणि आम्ही सगळ्या जणी त्याबरोबर लेझीम उघडायचो आणि मिटायचो. आम्ही तिला कोचबाई म्हणायला लागलो. मला ती आवडायची. तिची शिट्टी वाजली की मला माझ्या टाळ्या ऐकू यायच्या आणि डोळे उगाच चुरचुरायचे.

वयाचा मान म्हणून मी पहिल्या रांगेत होते. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना थांबवलं.

“आजी, तुम्ही ऑफ जाताय.”

“मी कुटं चाललेय? हितंच हाय की.”

“तसं नाही हो. बीटच्या बाहेर जाताय.”

“बाहेर न्हाय. मधे.”

बायका हसल्या. ती हसली नाही. तिनं फोनवर घेतलेलं शूटिंग दाखवलं. खरंच, सगळ्यांचं लेझीम एकला वाजत होतं. माझं एकला गप्प असायचं, आणि एक सरून दोन यायच्या आत मधेच छन् करायचं. दोनला, तीनला मी बरोबर. चारनंतर पुन्हा तेच. पहिल्या रांगेत मधोमध उभी राहून मी हे करत होते, त्यामुळं ते लपणं शक्यच नव्हतं.

“गुडघा दुखतोय का?” तिनं हळू आवाजात विचारलं. खरी काळजी होती. म्हणूनच जास्त झोंबलं.

गुडघा दुखतो. ते मी नाकारत नाही. पण मी गुडघ्यामुळं उशिरा येत नव्हते. एकला माझा हात उठतच नाही. तिथं कुणाचंतरी मुसळ पडायचं असतं, असं त्याला अजून वाटतं. आता दुखणं आणि ती सवय दोन्ही एकाच बाईत राहतात, त्याला मी काय करू? कुठलं कुणाचं ते वेगळं करून दाखवायला मी काय दवाखाना आहे?

दुसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं. “आजी, एक विचार केलाय. तुम्ही आपल्या कॉलनीचा बॅनर धरा ना. सगळ्यांच्या पुढं असतो तो. मान असतो त्याला.”

“बॅनर धरायला बांबू असतात,” मी म्हणाले. “मी बांबू नाही.”

“आजी, समजून घ्या. ती पोरं बघायलाच टपलीत. आपण एक जरी चुकलो ना...”

“मी चुकत नाही.”

“मग काय करताय तुम्ही?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण त्याला एक उखळ, दोन मुसळं आणि एक सासू लागली असती. मी लेझीम काखेत घातलं आणि घरी निघाले.

वाटेत अक्कांना सांगितलं. मला वाटलं, त्या तरी चिडतील.

“बॅनर?” त्या म्हणाल्या. “धर की. तेवढीच सावली.” आणि मग खुर्चीत हलत हलत हसायला लागल्या. “मिरवणूक हितनंच जाती न्हवं? बघतो की आमी. एक-दोन-तीन-चार मास्तरीण, बॅनर धरून!”

तिथंच माझं ठरलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, त्याला हकीकत सांगितली, तर तोही म्हणाला, “आई, धर की बॅनर. काय बिघडतंय?” मी म्हणाले, “बघ, ‘धर की’ म्हणालास. इतकी वर्षं पुण्यात काढून तुझा ‘की’ जात नाही, आणि मला सरळ व्हायला सांगतोस?” हाच मुलगा मला सांगत असतो की, नातवाशी नीट बोल, तो शाळेत ‘आहे’ सोडून ‘हाय, हाय’ करतो. मी त्याला दरवेळी एकच सांगते, शाळेला कळव, आजी भेटायला येऊलालीय.

मला सरळ चालता येत नव्हतं अशातला भाग नाही. मी चांगली सरळ होते. त्या सरळपणात मी दोन भल्या बायकांच्या डोळ्यांत तिखट घातलं आणि पोरांची तोंडं बंद केली. तिथून मी मोठ्या कष्टानं वाकडी झाले. एवढी मेहनत मी आता एका स्पीकरसाठी पाण्यात घालणार नव्हते. ज्यांना सरळ पाहिजे त्यांनी रेल्वेचे रूळ बघावेत, कुर्डुवाडीला भरपूर आहेत.

दुसऱ्या संध्याकाळी मी मैदानावर गेले ती लेझीम घेऊनच. कोचबाईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“मला मागच्या रांगेत टाक,” मी म्हणाले. “शेवटच्या. पण लेझीम घेऊन.”

“मागची रांग बिघडेल ना, आजी.”

“बिघडू दे की.”

“नाही, असं नाही चालणार.” तिनं थोडा विचार केला. ती हट्टी होती, पण दुष्ट नव्हती. “एक करू. मिरवणुकीत मागची रांग तुमच्यामुळं फुटली, तर मी लांब शिट्टी मारीन. लांब शिट्टी ऐकली की तुम्ही रांगेतून बाहेर यायचं. रस्त्यातच. काही न बोलता.”

“काही न बोलता जमणार नाही,” मी म्हणाले. “पण बाहेर येईन.”

शब्द दिला. शब्द देऊन घरी आले आणि मग डोक्यात आलं. सगळ्या सोलापूरच्या रस्त्यात, दिवसाउजेडी, शिट्टी वाजवून आजीला रांगेतून काढलं, हे अक्कांच्या गेटासमोर झालं असतं तर? मी काही शूर नाही. पण एकदा तोंडातून गेलं की ते परत घ्यायची सवय मला कधीच नव्हती.

मिरवणुकीच्या दिवशी तो स्पीकर कुणाला ऐकू येणार? पुढं दोन हलग्या, मागं दुसऱ्या मंडळाचा ढोल, वर ऊन. हलगीवाले त्यांच्या मस्तीत होते. कोचबाई रांगांच्या पुढं उलट्या पावलांनी चालत होती, हातानं एक-दोन दाखवत. सगळ्यांनी सारख्या साड्या नेसलेल्या. पहिली रांग अशी नेटकी की मंडळाची पोरं गप्प झाली. मी शेवटच्या रांगेत, डावीकडं. माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेली एक बाई. घाबरट. मैदानावर ती नेहमी पहिल्या रांगेच्या चपला बघून खेळायची.

एक. पुढं छन्. माझं गप्प. आणि मग माझी: छन्.

तीन-चार फेऱ्या गेल्या. शेजारणीला पुढच्या रांगेच्या चपला दिसेनात, मधे माणसं आली होती. तिला जवळचं काय ते मी. तीही माझ्याबरोबर पडायला लागली. मग तिच्या पलीकडची. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पुढं एक छन् आणि मागं, त्याच्या पोटात, दुसरी छन्. उखळ चालू झालं होतं. मधल्या रांगेत मात्र गोंधळ उडाला. दोघी एकमेकींवर आदळल्या, एकीची चप्पल मागं राहिली, आणि ती “माझी चप्पल! माझी चप्पल!” करत तशीच नाचत राहिली. मी काही सगळं छान झालं असं सांगत नाहीये.

आम्ही नेमक्या अक्कांच्या गेटाशी आलो होतो तेव्हा कोचबाईला ते ऐकू आलं. तिनं मान वर केली, मागची रांग बघितली, मला बघितलं, आणि शिट्टी तोंडात घेतली. गाल फुगलेले मला शेवटच्या रांगेतूनही दिसले.

मी थांबले नाही. तिच्याकडं बघत राहिले. एक आला. मी लेझीम मिटलेलं धरलं. ती रिकामी जागा एवढी मोठी वाटली की त्यात माझं सगळं लग्न आणि सगळी नोकरी मावली असती.

टक्क.

ती माझी नव्हती. अक्कांनी मांडीवरची काठी डाव्या हातात घेऊन लोखंडी गेटाच्या काठावर ठोकली होती. बरोबर त्या जागेत. सासूबाईंच्या मुसळाची जागा. मागून आमची सगळ्यांची छन्. पुन्हा एक, पुन्हा गेटाची टक्क, पुन्हा छन्. रस्त्याच्या कडेची माणसं गेटाकडं बघायला लागली, कोचबाईही बघायला लागली, शिट्टी अजून तोंडातच.

शिट्टी वाजली. लांब नव्हे. एवढीशी, फुट्. आणि पडली ती त्याच मोकळ्या जागेत. मला नाही वाटत, तिनं ठरवून मारली. पण पुढच्या फेरीला तिनं ती ठरवून मारली. त्यानंतर चौकापर्यंत ती उलट्या पावलांनी चालत, फुट्, फुट् करत राहिली. हाताचं एक-दोन-तीन-चार कधी थांबलं ते तिलाही कळलं नसावं. मी रांगेतच होते. लेझीम घेऊन.

बक्षीस दुसऱ्या मंडळाला मिळालं. ते सरळ खेळले होते. त्यांचं त्यांना लखलाभ. कोचबाई नंतर माझ्याकडं आली. नुसतं माझ्या हातातलं लेझीम घेतलं, एकदा उघडून मिटलं आणि परत दिलं.

परतताना पाय ओढत अक्कांच्या गेटाशी आले. त्या खुर्चीतच होत्या, काठी पुन्हा मांडीवर. मी गेटाला टेकले आणि गुडघा चोळायला लागले. त्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या,

“काय गं एक-दोन-तीन-चार? शिकलीस व्हय शेवटी? लई वर्सं लावलीस की.”